अकरा कवंडळं

मुलगी नववीत असताना तिच्या इंग्रजीच्या पुस्तकात एक जुनी गोष्ट होती. इंग्लंडच्या राणीच्या राज्यातली, दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीची. तिच्यातला माणूस पक्का आपमतलबी. कोणाला काही द्यायचं नाही, कोणाकडे जायचं नाही, सणासुदीला दार लावून बसायचं. मग थंडीतल्या एका सणाच्या आदल्या रात्री त्याला आपलं मागचं-पुढचं सगळं आयुष्य दिसतं, आणि सकाळी तो उठतो तो निराळाच. सगळ्यांशी हसतो, बोलावतो, वाटतो. धड्याखाली प्रश्न होता: या माणसात झालेला बदल तीन उदाहरणं देऊन स्पष्ट करा. गुण पाच.

मी म्हटलं, "हे मला पटत नाही."

"बाबा, पटायचं नाही, लिहायचं आहे," मुलगी म्हणाली.

न पटण्याचं कारण माझ्या कामात होतं. डिचोलीच्या खाणीवर मी वजनकाट्याचा कारकून होतो. खाण बंद पडल्यावर हमरस्त्यावरच्या एका खडी कारखान्याच्या काट्यावर लागलो, अजून तिथंच आहे. काट्यावर ट्रक दोनदा येतो, एकदा भरलेला, एकदा रिकामा. दोन वजनांतला फरक म्हणजे माल. एकदाच केलेलं वजन कोणी धरत नाही. गोष्टीतल्या माणसाचं पहिलं वजन झालं, सणाच्या सकाळी दुसरं झालं, हे खरं. पण पुढच्या वर्षी तोच माणूस कसा वागला, हे कोणी पाहिलं? त्याआधीच गोष्ट संपते. असं मी मुलीला समजावून सांगत होतो.

ती वहीतून मान वर न करता म्हणाली, "म्हणजे तो तुमच्यासारखा होता आणि एका रात्रीत सुधारला, म्हणून तुम्हाला राग आला."

"माझ्यासारखा? मी कोणाचं काय ठेवून घेतलंय?"

"माटोळीची वही."

आत नारळ खवणारी बायको मोठ्यानं हसली. "लिही, लिही," ती म्हणाली, "तिसरं उदाहरण तेच दे."

त्या दिवशी जेवण गोड लागलं नाही.

माटोळी म्हणजे काय, हे गोव्याबाहेरच्यांना सांगायला हवं. चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली फळं, फुलं, वेल, नारळाचा घड, सुपारीचे घोस, चिबूड, काकडी असं त्या दिवसांत जे जे येतं ते बांधतात. सगळ्यांच्या घरी असते, कमी-जास्त. आमच्या भागातलं एक मंडळ माटोळ्यांची स्पर्धा घेतं. परीक्षक घरोघर येऊन जिन्नस मोजतात. बाजारात विकत घेतलेलं धरत नाहीत. आमचा वाडा पेडण्याच्या बाजूला, मोप्याच्या सड्याच्या, म्हणजे कातळी पठाराच्या, उताराखाली. डोक्यावरून विमानं जातात, पण उतारावर अजून बरंच काही उगवतं. मी दोन वेळा पहिला आलो होतो. दुसऱ्या वेळी माझे जिन्नस एकशे सत्तावीस होते.

ते सगळे वहीत होते. जिन्नस, महिना, जागा, कोणत्या वाटेनं किती पावलं. वही कपाटात, कपाटाला कुलूप. कोणी विचारलं तर मी म्हणायचो, "असंच गावलं फिरता फिरता." रानात जाताना कोणी मागून येत नाही ना, हेही बघायचो. खाणीवर खनिजाचे नमुने पिशवीत घालून चिठ्ठी लावून ठेवायचे असत. ती सवय लागलेली, म्हणून दर वर्षी माटोळी सोडल्यावर मी प्रत्येक जिनसाचा एक नमुना वाळवून कागदात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवायचो.

आता ज्यांच्याविषयी लिहायचं आहे ते काका. माझ्या वडिलांचे चुलतभाऊ, घर आमच्या समोर, मध्ये फक्त पाऊलवाट. मला रान दाखवलं ते काकांनी. वडील कामाला बाहेर असायचे, त्यामुळे चतुर्थीच्या आधीच्या रविवारी काका मला सड्यावर न्यायचे. कांगणीचे घोस कुठल्या झाडावर चढतात, शेरवडीची पांढरी पानं कुठं दिसतात, घागरीच्या शेंगा वाजतात कशा, हे सगळं त्यांचं. वेलीवरचं सगळं ते कधीच काढत नसत. दोन फळं ठेवायचे. मी लहानपणी विचारलं तेव्हा म्हणाले होते, "एक वेलीक, एक पाखराक. तुझा काय जाता?"

काकांची स्वतःची माटोळी लहान. पंचवीस-तीस जिन्नस. स्पर्धेत त्यांनी कधी नाव घातलं नाही. पण एक कवंडळ त्यांना हवंच असे. दोडक्या-पडवळाच्या जातीची रानवेल, फळ लालभडक, खायला कडू जहर, पण माटोळीत टांगलं की दिवा लावल्यासारखं दिसतं. म्हापशाच्या बाजारात मिळतं. काकांना विकतचं चालत नसे. काकी गेल्या त्याआधीच्या चतुर्थीला माटोळीतलं कवंडळ त्यांनी स्वतःच्या हातानं बांधलेलं. तेव्हापासून काका दर वर्षी स्वतः जाऊन एक आणायचे.

पुढे काकांचे गुडघे गेले. त्या वर्षी चतुर्थीला आठ दिवस असताना ते काठी टेकत आमच्या पायरीपर्यंत आले.

"रे, कवंडळ खंय असा तां सांग मरे. माका चढाक जमना नाय. सुनेक धाडतंय."

मला जागा माहीत होती. उताराच्या रस्त्याला जिथं वळण आहे, तिथून खाली बेचाळीस पावलांवर, काजूच्या मागे. आमच्या वाड्याच्या आसपास ती एकच वेल उरली होती. बाकीच्या सड्यावरच्या खोदाईत गेल्या. मला वाटलं, सून जाईल, सुनेला कळलं की वाड्याला कळेल. आणि परीक्षकांना कवंडळ दोन घरी दिसलं की माझ्या माटोळीत काय राहिलं?

मी म्हटलं, "काका, यंदा खंयच दिसला नाय. वेलच सुकली."

काका म्हणाले, "सुकली? असो." आणि वळून गेले. पाऊलवाट ओलांडायला त्यांना किती वेळ लागला ते मी उभं राहून बघितलं.

एक फळ त्यांना नेऊन दिलं असतं तरी चाललं असतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मग वेल सुकली म्हटलं ते खोटं ठरलं असतं. दुसऱ्या दिवशी पहाटे जाऊन मी सगळी फळं काढून आणली. ठेवली तर कोणाला तरी दिसतील म्हणून. अकरा होती. काकांकडे गणपतीच्या पाया पडायला मी गेलो. माटोळीत मधोमध सुतळीचा एक मोकळा फास होता. ते माझ्याकडे गणपती बघायला येऊ शकले नाहीत, आमच्या घराला पाच पायऱ्या आहेत. त्या पाच पायऱ्यांचं मला त्या वर्षी बरं वाटलं. स्पर्धेत मी पहिला आलो.

मुलीच्या धड्याची गोष्ट झाली ती त्यानंतरच्या आषाढात. दुसऱ्या दिवशी रविवार होता. छत्री घेतली आणि वेल बघायला गेलो. मनात ठरवलं होतं की यंदा एक फळ काकांना द्यायचं, कुठून आणलं ते सांगायचं नाही. वळणापर्यंत पोचलो तर वळणच नव्हतं. रस्ता रुंद करताना उतार कापला होता. बेचाळीस पावलं चालायला जमीनच नव्हती. खाली काजू आडवा पडलेला, त्यावर लाल माती.

रस्त्याला माप टाकलेलं मी महिनाभर आधी येता-जाता पाहिलं होतं. वाड्यावर नुसतं बोललो असतो की इथं कवंडळाची वेल आहे, तर चार जण जाऊन कंद उकरून आणते. पण ते ठाऊक असलेला माणूस एकच होता, आणि तो काट्यावर बसून ट्रक मोजत होता. वेलीवर दोन फळं ठेवली असती तर पाखरांनी बी कुठंतरी टाकलं असतं. तेही नाही.

परत येताना घरी न जाता काकांकडे गेलो. सून ओटीवर तांदूळ निवडत होती. काका खुर्चीत. मी उभ्या उभ्याच सांगितलं, की गेल्या वर्षी मी खोटं बोललो, वेल सुकली नव्हती, मला जागा माहीत होती, आणि आता वेल गेली.

सुनेचा हात सुपात थांबला.

काका रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "कितकी होती?"

"अकरा."

"आणि काढलंस कितकी?"

"अकरा."

"अकराय?"

"होय."

"अकराय काढलंस," ते म्हणाले. मग सुनेकडे वळून, मी तिथं नसल्यासारखे, "ह्येका मीया शिकयलंय."

माझ्या खोटं बोलण्याबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "डब्यात एक वाळवून ठेवलेला असा."

"मग हंय काय करतंस? जा, डबो हाड."

डबा आणला. चिठ्ठीवर माझ्याच अक्षरात जिनसाचा नंबर. काकांनी फळ अंगठ्यानं फोडलं, सुनेच्या सुपात बिया झाडल्या. चौतीस निघाल्या. बायकोच्या माहेराहून, आमोण्याहून, चतुर्थीचं सामान यायचं त्या टोपलीत माती आणि जुनं शेण घालून त्या लावल्या. कुठं ठेवायची टोपली? मी म्हटलं, आमच्या पडवीत. काका म्हणाले, "तुझ्या पडवेत नको." टोपली त्यांच्या विहिरीच्या काठावर राहिली.

चौतीसपैकी पाच उगवल्या. दोन गोगलगायींनी खाल्ल्या. उरलेल्या तीन काकांनी सांगितलं तिथं लावल्या: एक त्यांच्या विहिरीजवळ, एक देवळामागच्या कुंपणाला, एक बसथांब्याच्या मागे, जिथून सगळा वाडा जातो-येतो. मला ती तिसरी जागा मुळीच पसंत नव्हती. "थंय कोणय तोडतलो," असं मी म्हटलं. "तोडूंदे," काका म्हणाले.

त्या वर्षी स्पर्धेत माझे जिन्नस एकशे एकवीस झाले आणि मी तिसरा आलो. वही मी देवळाच्या सभामंडपात ठेवली, ज्याला हवी त्यानं बघावी म्हणून. हे लिहायला सोपं आहे. प्रत्यक्षात मी आधी तिच्यातली चार पानं काढून घेतली होती, आणि ती पानं परत चिकटवायला मला आणखी एक वर्ष लागलं. मुलीला त्या प्रश्नाला साडेतीन गुण मिळाले. तीन उदाहरणं बरोबर, पण बदल कशामुळे झाला हे लिहिलेलं नाही, असा बाईंचा शेरा होता. मुलगी तपासलेली वही दाखवायला आली तेव्हा मी नमुन्यांचा डबा पुसत होतो. तिनं डब्याकडे पाहिलं आणि वही पुढे केली.

वेलींना फळ यायला दोन पावसाळे गेले. विहिरीजवळची नुसती फुलते. काका म्हणाले, नर आहे, तिच्याकडून फळाची आशा नको, पण ती आहे म्हणून बाकीच्यांना धरेल. देवळामागची गुरांनी दोनदा खाल्ली, अजून सावरते आहे. फळं धरली ती बसथांब्यामागच्या वेलीला. यंदा पाच. कामावर जाताना आणि येताना मी मोजायचो. चतुर्थीच्या चार दिवस आधी चारच दिसली. कोणी तोडलं असेल, ते मी येता-जाता सगळ्यांच्या तोंडावर शोधत होतो. मग एका घराच्या उघड्या दारातून माटोळीची चौकट दिसली, त्यात ते लाल फळ होतं. त्या घरी भाड्यानं राहणारं बेळगावकडचं कुटुंब आहे, नवरा गवंडीकाम करतो. माटोळी त्यांच्याकडची नव्हे, पोरांनी शेजाऱ्यांची बघून केली असणार. दहा-बारा जिन्नस होते. माझा पहिला विचार काय होता ते सांगत नाही. पुढे गेलो, एवढंच.

उरलेल्या चारांतलं एक मी काढलं. काका आता खाटेवरच असतात. सुनेनं माटोळीची चौकट अशी टांगली होती की त्यांना पडल्या पडल्या दिसावी. मधला फास मी बांधला. काकांनी बराच वेळ वर बघितलं.

मग म्हणाले, "वेलीर कितकी उरली?"

"तीन."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे अधू झालेत, पण पाहिलं नीट. मग सुनेला हाक मारली.

"बाय, वायच बसथांब्याकडे जावन ये. वेलीर कवंडळां मोजून ये."

सुनेला अवघडल्यासारखं झालं. "मामा, भावजींनी सांगितलंय ना तीन म्हणून."

"तू जा."

ती पदराला हात पुसत गेली. मी खाटेच्या कडेला बसून राहिलो. बसथांबा जाऊन-येऊन सहा मिनिटांचा. काका माटोळीकडे बघत होते, मी दाराकडे. मी सकाळीच मोजली होती, तीनच होती. तरी सहा मिनिटं फार झाली.

सून पायरीवर आली. चप्पल काढायच्या आधीच काकांनी विचारलं, "कितकी?"

"तीन."

काकांनी मान हलवली आणि मला म्हणाले, "च्या पिवन जा."