सुटा आवाज

बाळारामने आमच्या गावच्या महिला भजनी मंडळात पहिल्याच दिवशी भांडण लावून दिलं. देवळासमोर सप्ताह चालू होता आणि स्पीकर त्याचे होते. अकरा बायका गात होत्या. हा टेम्पोच्या फळीवर बसून, डोळे मिटून, मान जरा तिरकी करून ऐकत होता. भजन संपल्यावर माईक गोळा करायला गेला आणि सहज म्हणाला, "नऊ जनी गातात. दोघी नुसतं तोंड हलवतात." त्या दोघी कोण, ते त्याने सांगितलं नाही, पण गावाने तासाभरात शोधून काढलं. पुढे वर्षभर त्या दोघी त्याच्याशी बोलल्या नाहीत.

माझी बायको सुनंदा उरलेल्या नऊ जणींत होती. घरी येईपर्यंत ती हसत होती. "काय कान आहे हो माणसाचा!" ती म्हणाली, आणि ते वाक्य मला खुपलं.

खुपण्याचं कारण सांगतो. दिघीच्या खाडीजवळच्या आमच्या गावात कान हे माझं खातं होतं. मी शाळेत गणित शिकवतो, पण गाणं ऐकणं हे माझं व्यसन. कुठला प्लेअर, कुठले हेडफोन, फाईल दाबलेली की मूळ, वायरचा बरा की बिनवायरचा, हे गावातला कोणीही मलाच विचारायचा आणि मी फळ्यासमोर उभा असल्यासारखा समजावून सांगायचो. बाळाराम आल्यावर वर्षभरात लोक त्याच्याकडे जायला लागले. माझं उत्तर अर्ध्या तासाचं असे. त्याचं उत्तर ठरलेलं होतं. "डोक्यावर घाल, धा मिंटं बस. कान तापला त ठेवून दे. न्हाय तापला त गानं लाव."

तो मूळचा पेणकडचा, मिठागरवाल्या घरातला. मिठागर बंद पडलं तेव्हा बायकोच्या गावी, म्हणजे आमच्याकडे, टेम्पो आणि सहा स्पीकर घेऊन आला. बुटका, काळासावळा, खांद्यावर कायम वायरचं वेटोळं. हळदीला त्याच्या स्पीकरने घरांची कौलं थरथरायची. अख्ख्या पंचक्रोशीचे कान बधिर करणारा हा माणूस, आणि त्याच्या कानाचं कौतुक! मी स्टाफरूममध्ये हा विनोद बऱ्याचदा केला. पहिल्यांदा सगळे हसले, नंतर मी एकटाच हसायचो.

आवाजाबद्दल बोलताना तो मिठाचेच शब्द वापरायचा. "सर, मीठ कसं वलखायचं? मूठभर घ्यायचं, कानाशी न्यायचं नि चोलायचं. खरखर वाजलं त सुटं. दबून वाजलं त वलं. आवाजबी तसाच. सुटा पायजे." माझ्या सर्वांत महागड्या स्पीकरसमोर दोन मिनिटं उभा राहून तो म्हणाला होता, "गोड हाय. पन वला हाय." मी त्याला चहा दिला आणि मनातून शिव्या घातल्या. तो गेल्यावर मी मागच्या भिंतीपासून स्पीकर हातभर पुढे ओढले. आवाज सुधारला. हे मी कोणालाही सांगितलं नाही.

आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा मी सुनंदाला प्लेअर आणि हेडफोन द्यायचं ठरवलं. तिला जुनी नाट्यपदं लागतात. मोबाईलवर मध्येच कोणाचा तरी फोन येतो आणि पद तुटतं, म्हणून वेगळा प्लेअर. महिनाभर मी वाचत होतो. वहीत रकाने आखून तुलना केली. शेवटी कान पूर्ण झाकणारे, जाड गादीचे हेडफोन मागवले आणि तिची आवडती पदं उत्तम प्रतीत भरून दिली. तिने ती ऐकली. "छान आहे हो," म्हणाली. आठवड्याने पाहिलं तर प्लेअर आणि हेडफोन कपाटात, डब्यासकट. विचारलं तर म्हणाली, "वेळच होत नाही." मला वाईट वाटलं. पंचवीस वर्षांत तिला एक गोष्ट मनापासून आवडेल अशी द्यावी, एवढंच मला हवं होतं.

मग एकदा बाळाराम सत्यनारायणाच्या पूजेचा माईक लावायला घरी आला. मीच मोठेपणाने तो डबा काढून त्याला दाखवला. त्याने हेडफोन डोक्यावर घातले नाहीत. एक बाजू डाव्या कानाला लावून ऐकली. मला वाटलं, साउंडवाल्यांची ऐट. मग त्याने सुनंदाकडे एकदा पाहिलं आणि हेडफोन तिच्या डोक्यावर ठेवले.

"वहिनी, काय ऐकाय येतं?"

"गाणं येतं की."

"आनि तबला?"

"ह्याच्यात तबला नाहीये."

"अगं, नाही कसा!" मी म्हणालो.

बाळारामने मला हाताने थांबवलं. हेडफोन उतरवून उलटे फिरवले, उजवी बाजू डावीकडे आणली आणि पुन्हा तिच्या डोक्यावर ठेवले. "आता?"

सुनंदाने हेडफोन हाताने दाबून धरले. मग म्हणाली, "आता नुसता तबला न् पेटी. गाणं कुठे गेलं?"

काही जुन्या ध्वनिमुद्रणांत गाणारा एका बाजूला आणि साथ दुसऱ्या बाजूला असते, हे मी नववीच्या पोरांनासुद्धा सांगितलेलं आहे. माझ्या बायकोला उजव्या कानाने ऐकू येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. तीन वर्षांपूर्वी ताप आला होता, तेव्हापासून. ती स्वयंपाकघरात गेली तसा मी मागोमाग गेलो. "मला सांगितलं का नाहीस?" ती म्हणाली, "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही वही काढली असतीत. रकाने आखून मला शिकवत बसला असतात. मला नको होतं ते."

बाहेर बाळाराम प्लेअरची बटणं दाबत होता. दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र करायची सोय त्याच्यात होती. माहितीपुस्तिका मी दोनदा वाचली होती, पण ते पान मला लागणारं नव्हतं म्हणून सोडलं होतं. "ह्ये बगा, सगलं एका कानात आलं," तो म्हणाला. आणि माझे हेडफोन बाजूला ठेवले. "आवाज बरा हाय ह्यांचा. पन जड हायेत. वहिनी कामात ऐकतात, ह्यांनी मान मोडंल."

चार दिवसांनी तो श्रीवर्धनच्या ओळखीच्या दुकानातून तीन हलके हेडफोन तपासायला घेऊन आला. तपासायला गाणं कोणतं, तर मंडळाचं भजन. त्याने ते मोबाईलवर उतरवून ठेवलेलं होतं. "वहिनी, बाया मोजा. ज्याच्यात सगल्या सुट्या ऐकाय येतील त्यो घ्या." पहिल्यात सुनंदाला सहा बायका लागल्या, दुसऱ्यात आठ. तिसऱ्यात तिने बोटं मोजत मोजत नवावर आणली आणि ओरडली, "ही मीच!" तिचे डोळे भरून आले होते. मीही मोजून पाहिलं. मला दोन धड कानांनी सात लागल्या.

त्या दिवसापासून घरात गाणं आलं. भाकऱ्या थापताना, अंगणात सुपारी वाळत घालताना तिच्या डोक्यावर ते हलके हेडफोन असत. मला आनंद व्हायला हवा होता. मला हेवा वाटत होता. माझी भेट कपाटात आणि त्याची तिच्या डोक्यावर.

मी त्याच्या शेडवर गेलो आणि सरळ विचारलं, "तुला कसं कळलं? मी तिच्याबरोबर राहतो."

त्याने हातातली वायर खाली ठेवली. "सर, वहिनी बोलनाऱ्याला डावा गाल देतात. मीबी देतो." मग आवाज उतरवून म्हणाला, "माजा उजवा कान गेल्याला पंधरा वरसं झाली. हलदीत बॉक्साच्या म्होरं उबा ऱ्हायचो. वहिनींना सांगितलंय, त्यांना धीर यावा म्हनून. आनि आता तुमाला. साउंडवाला बहिरा हाय म्हटल्यावर सुपारी कोन देनार? कोनाला बोलू नका."

मी शब्द दिला. पण मनात काय आलं, ते सांगतो. ज्याच्या कानावर मी जळत होतो त्याला एकच कान होता, तरी माझं जळणं कमी झालं नाही. उलट वाढलं. आता तो घरी आला की दोघं माना तिरक्या करून एकमेकांशी बोलायची, हसायची, आणि दोन्ही कानांनी सगळं ऐकणारा मी मध्ये परक्यासारखा बसायचो.

गणेशोत्सवाच्या बैठकीत ते घडलं. अध्यक्ष म्हणाले, "साउंड बाळारामचाच. काय कान आहे! सरांच्या घरची मशीनसुद्धा म्हणे त्यानेच बसवून दिली." सगळे माझ्याकडे बघून हसले. मी म्हणालो, "एका कानात एवढं! दोन असते तर काय केलं असतं कोण जाणे."

"म्हणजे?" कोणीतरी विचारलं.

इथे गप्प बसता आलं असतं. पण शिक्षकाची सवय, विचारलं की नीट समजावून सांगायचं. मी समजावून सांगितलं. कुठला कान, किती वर्षं, कशामुळे.

गणपतीला साउंड बाहेरून आला. पोरं बाळारामच्या उजव्या बाजूला जाऊन हळूच हाका मारायची आणि त्याने वळून पाहिलं नाही की टाळ्या पिटायची. त्याचं नाव एककान्या पडलं. तुळशीच्या लग्नानंतर हळदी सुरू झाल्या, पण त्याच्या शेडसमोर टेम्पो उभाच. गंमत अशी, की त्याचा आवाज पूर्वीइतकाच सुटा होता आणि बाहेरून आलेला आवाज चांगलाच ओला होता. आता ते कोणाच्या कानाला लागत नव्हतं.

बैठकीत ते कोण बोललं, हे सुनंदाच्या कानावर कोणी घातलं नव्हतं; सरांच्या घरी सरांचंच नाव कोण सांगणार? तिला वाटलं, बाळारामला आपलाच संशय येणार. त्याचं गुपित आपल्यालाच ठाऊक होतं, असं ती समजून होती. मलाही ते माहीत होतं, हे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. ती त्याला आमच्या पायरीवर गाठून म्हणाली, "बाळारामभाऊ, आईशपथ, मी नाही हो कोणाला बोलले." तो म्हणाला, "वहिनी, मना म्हाइत हाय." मी आत उत्तरपत्रिका तपासत होतो. एकाच मुलाची बेरीज मी तीनदा केली.

शेवटी त्याने पेणला भावाकडे परत जायचं ठरवलं. निघाला त्या सकाळी आम्ही दोघं दिघीच्या जेटीवर गेलो. आगरदांड्याहून येणारी फेरीबोट दिसायला लागली होती. स्पीकर दोरीने आवळून टेम्पो रांगेत उभा होता आणि शेजारी बाळाराम खाडीकडे बघत होता. मी त्याच्या उजव्या हाताला जाऊन उभा राहिलो. खोटं कशाला बोलू, मी मुद्दामच ती बाजू निवडली. आणि हळू आवाजात म्हणालो, "बाळाराम, मीच सांगितलं बैठकीत. मला तुझा हेवा वाटत होता."

तो बोटीकडेच बघत राहिला. मला हलकं वाटलं. सांगूनही झालं होतं आणि त्याने ऐकलंही नव्हतं.

पण माझ्या दुसऱ्या अंगाला सुनंदा उभी होती, आणि तिचा डावा कान माझ्याकडे होता.

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "हा कान त्यांचा नाही. पलीकडून जा आणि परत सांगा. मोठ्याने."

मी टेम्पोला वळसा घालून गेलो. बोट लागली होती, स्कूटरवाले घाई करत होते. मी त्याच्या डाव्या बाजूला उभं राहून, दोन-चार लोकांनी वळून पाहावं इतक्या मोठ्याने तेच सांगितलं.

"म्हाइत हाय, सर," बाळाराम म्हणाला. "तुमा दोघांनाच म्हाइत व्हतं. वहिनी बोलनार न्हाईत."

"मग इतके दिवस मला काही म्हणाला का नाहीस?"

"तुमी याल म्हनून थांबलो व्हतो. शेडवर." त्याने टेम्पोचं दार उघडलं, आत बसला आणि काच खाली केली. "वहिनींना येक सांगा. आवाज बारीक ठेवा म्हनावं. येकच कान हाय, जपाय पायजे. मना कोनी सांगितलं न्हाय."

टेम्पो बोटीवर चढला. तो मला चार शिव्या देऊन गेला असता तर बरं झालं असतं. मला त्या वेळीसुद्धा त्याचा हेवा वाटला, असं वागता येतं म्हणून.

संध्याकाळी ती ओसरीवर हेडफोन लावून लसूण सोलत बसली होती. गाणं मला दारापर्यंत ऐकू येत होतं. मी तिच्या डाव्या बाजूला जाऊन म्हणालो, "आवाज जरा बारीक ठेव. एकच कान आहे, जपायला हवा."

तिने हेडफोन बाजूला सारले. "हे तुमचं की त्यांचं?"

"त्याचं," मी म्हणालो.

तिने आवाज कमी केला.