बाबांना आवडलेली रेकॉर्ड

आदिलाबादच्या बसस्टँडवर बाबा कंडक्टरशी तेलुगूत भांडत होते, ते मला अजून दिसतं. भांडण कशावरून, तर माझी मोठी बॅग डिकीत टाकायची की वर माझ्यापाशी ठेवायची. बाबांचं म्हणणं, पोरगी जर्मनीला चालली, बॅग तिच्या डोळ्यांसमोर पाहिजे. कंडक्टरचं म्हणणं, जर्मनीला जावो नाहीतर शेजारच्या निर्मल गावाला, बॅग डिकीतच. अख्खा स्टँड आमच्याकडे बघत होता. नवीन लग्न झालेलं, नवरा आधीच कोलोनला पोचलेला, आणि मी लाजेनं अर्धी झालेली. शेवटी बॅग डिकीतच गेली. बस हलली तशी बाबा खिडकीखालून चालत ओरडले, "पोचली का फोन करजो! जेवत जाजो!" आई तोंडाला पदर लावून उभी होती. आणि मी, खोटं कशाला सांगू, मनात म्हणत होते, सुटले बाई एकदाची या आरडाओरड्यातून.

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे निघून गेले त्यांना हे कळेल. जे आपल्या गावी, भीमपूरकडेच राहिले त्यांनी राग मानू नका, पण खरं सांगा, आपल्याकडे हळू बोलतं कोण? त्यात माझे बाबा जिनिंगमधले, कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यातले. कापसाच्या हंगामात त्यांची सगळी उमर त्या मशिनींपाशी गेली. तिथं शेजारच्या माणसाला पाणी मागायचं तरी त्याच्या कानाला तोंड लावावं लागतं. डोक्यात कापसाचा रुवा घेऊन घरी यायचे आणि घरातही तसेच ओरडून बोलायचे. हैदराबादच्या होस्टेलमध्ये रूममेटनं मला विचारलं होतं, तू रोज वडलांशी भांडतेस का गं? मी म्हटलं, भांडतोय कुठं, ते विचारतायत आंघोळ केली का.

कोलोनच्या पहिल्याच हिवाळ्यात मला शांततेची चटक लागली. आमच्या घराखालच्या गल्लीत जुन्या रेकॉर्डचं दुकान होतं. दुकानदार म्हातारा, मोजून बोलणारा. एकदा थंडीतून सुटका म्हणून आत शिरले तर त्यानं एक रेकॉर्ड लावलेली. मी पाचेक मिनिटं वाट बघितली आणि विचारलं, गाणं कधी सुरू होणार? तो म्हणाला, अर्धं झालं.

अँबियंट म्हणतात त्याला. सिंथेसायझरचे लांबच लांब सूर, शब्द नाहीत, ठेका नाही, काही घडतच नाही. पण त्या दिवशी त्या दुकानात माझ्या डोक्यातली जिनिंग जन्मात पहिल्यांदा बंद पडली. मी ती रेकॉर्ड घेऊनच घरी आले. आईला हौसेनं फोनवर ऐकवली तर म्हणाली, "तुह्या फ्रिजची मोटार जळून राह्यली वाटते, मिस्तरी बोलाव."

मग मला मूळ प्रतींचं वेड लागलं. हे अल्बम सत्तर-ऐंशीच्या दशकातले, पुढे पुन्हा पुन्हा छापलेले. पण मला हवी असायची ती अगदी पहिली छपाई, फर्स्ट प्रेसिंग. सूर संपून लेबल सुरू होतं त्या मधल्या कोऱ्या पट्टीवर बारीक आकडे कोरलेले असतात. ते भिंगातून वाचायचे, कव्हरचा कागद बोटांनी चाचपायचा, लेबलचा रंग उजेडात धरून बघायचा. आणि मग ऐकायचं. हे संगीत इतकं मऊ असतं की बारीकशी टिकटिकसुद्धा भातातल्या खड्यासारखी लागते. माझा कान असा तयार झाला की डोळे मिटून सांगायचे, ही पहिली, ही नंतरची. म्हातारा दुकानदार गिऱ्हाइकांना माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचा, हिला विचारा, हिच्या कानातून काही सुटत नाही. आणि मी फुगून जायचे. आज त्याच कानाची मला लाज वाटते.

मधल्या काळात लग्न मोडलं. रेकॉर्डमुळे नव्हे, तसं समजू नका. तो वाईट माणूस नव्हता. आम्ही एका घरात दोन भाडेकरूंसारखे राहत होतो आणि एक दिवस दोघांनाही ते सोसेनासं झालं. पण हे घरी सांगायचं कसं? आपल्याकडे फारकत म्हटलं की पोरीचं घर राहतं बाजूला, पंचक्रोशीच बोलायला बसते. मी तीन महिने तो घोट गिळत होते.

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी आई विहारात गेली होती आणि फोन बाबांनी घेतला. "जय भीम!" म्हणून ओरडले. मी डोळे गच्च मिटले आणि एका दमात बोलून टाकलं. बाबा, आम्ही वेगळे झालो, मी फारकत घेतेय, परत त्या घरात जाणार नाही, आईला तुम्हीच सांगा.  मग बाबा नेहमीच्या आवाजात म्हणाले, "बरं झालं! बरं झालं! जेवली का?"

फोन ठेवून मी हमसून हमसून रडले. चौथी शिकलेला माझा बाप. एक प्रश्न नाही, चार लोक काय म्हणतील हे नाही, नुसतं बरं झालं! त्या दोन शब्दांच्या बळावर मी वकिलाकडे गेले, वेगळी खोली घेतली, कोर्टात सही केली. इकडचं कोणी विचारलं, तुझ्या घरच्यांचं काय, तर मान ताठ करून सांगायचे, माझे वडील म्हणाले बरं झालं. पुढच्या रविवारी आईनं विचारलं, "दोघं बरे हाय ना?" मी समजले, फोन स्पीकरवर आहे, ओसरीत शेजारणी बसल्या असतील, आई झाकून नेतेय. मीही म्हटलं, हो, बरे आहोत. पुढे दर वेळी ती तसंच विचारायची आणि मी तसंच सांगायचे. केवढी शहाणी मी!

यंदा कापसाची वेचणी उरकल्यावर मी गावी गेले. बाबांना दाखवायचं होतं, तुमची पोरगी तिकडं काय गोळा करते ते. छोटा रेकॉर्ड प्लेअर आणि त्याचा स्पीकर बॅगेत आणि माझी सगळ्यात लाडकी फर्स्ट प्रेसिंग शालीत गुंडाळून हातात. विमानतळावर तपासणीवाल्यानं विचारलं, "मॅडम, थाली है क्या?" संध्याकाळी घरी पोचले. बाबाच अखंड बोलत होते, ओरडत होते, मी नुसती मान हलवत होते. आई शेजारणीला सांगत होती, "जावयाले सुट्टी नाई भेटली." काय बेमालूम झाकते बाई, असं मनात म्हणत मी हसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओसरीत बाजेसमोर स्टुलावर प्लेअर मांडला. मशिनीतला माणूस, बाबांनी आधी वाकून पट्टा बघितला, मोटार बघितली, मान डोलावली. मी हात धुतले, रेकॉर्ड पुसली, सुई टेकवली आणि डोळे मिटले. हा अल्बम इतक्या हळू सुरू होतो की पहिलं मिनिटभर काही चाललंय असं वाटतच नाही. ते मिनिट गेलं. मग आणखी एक गेलं. मी डोळे उघडले. बाबा फिरणाऱ्या तबकडीवर नजर लावून हळूहळू डोलत होते.

"लय गोड हाय व माय," ते म्हणाले. "मनाले थंडावा वाटते. बंद नको करू."

मी स्पीकरकडे पाहिलं. त्याचा लाल दिवा लागलाच नव्हता. मी बटणच दाबलं नव्हतं.

पहिल्यांदा वाटलं, बाबा फिरकी घेतायत. मी विचारलं, "बाबा, थट्टा करता का?" ते माझ्याकडे बघून म्हणाले, "हो, हो, मस्त हाय."  मी उठून त्यांच्या पाठीमागे गेले आणि साध्या आवाजात म्हटलं, "बाबा, तुमच्या पायाशी साप आहे." बाबा डोलतच राहिले.

मी स्वयंपाकघरात कशी पोचले मला आठवत नाही. आई परातीत ज्वारीचं पीठ मळत होती.

"आई, बाबांना ऐकू येत नाही?"

आईचा हात थांबला. "तीन वर्स झाले," ती म्हणाली.

"काऊन नाई सांगितलं मले?" कोलोनचं सगळं पॉलिश एका वाक्यात उतरलं.

"त्याइनं शपथ घातली होती. म्हने, पोरीले समजलं त ती फोन लावनं बंद करीन. बहिऱ्या मानसासंग कोन बोलते? मी स्पीकर चालू करून बाजूले उभी राह्यतो ना. तू जेवली म्हनली का घास दाखवतो, थंडी म्हनली का हात चोळून दाखवतो. मंग ते बोलतेत."

"अन तू घरी नसली तवा?"

"तवा फोनची बत्ती लागली का उचलतेत, अन आपल्या मनानंच बोलतेत. चांगलं हाय म्हन्तेत, बरं झालं म्हन्तेत."

मी तिथंच चुलीपाशी मटकन बसले.  म्हणजे बाबांनी ऐकलंच नव्हतं. त्यांनी ऐकलं नाही म्हणजे आईला कोणी सांगितलं नव्हतं. दोन वर्षं माझी फारकत या घरात कुणालाच माहीत नव्हती, जावयाला खरोखरच सुट्टी मिळाली नव्हती, आणि ज्या शब्दांवर मी कोर्टाची पायरी चढले ते बाबांनी माझ्या बोलण्यावर म्हटलेच नव्हते. रेकॉर्डवरचा केसभर ओरखडा मला ऐकू येतो. बापाला आपलं ऐकू येत नाही हे तीन वर्षं दर रविवारी बोलून मला ऐकू आलं नाही! काय करायचेत असले कान?

पण आता गप्प बसणं शक्य नव्हतं. मी बाहेर आले, बाबांच्या कानाशी तोंड नेलं आणि सांगितलं. ते म्हणाले, "काय?" परत सांगितलं. "काय व माय?" तिसऱ्यांदा मी छातीतला सगळा दम काढून ओरडले, "बाबा! माझी फारकत झाली! दोन वर्स झाले! मी एकटी राहतो!"

गल्लीतलं झाडणं थांबलं. आई पिठाच्या हातांनी दारात आली. "काय म्हनली?" म्हणाली आणि चौकट धरून खाली बसली. बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा ते हळू बोलले.

"तवा सांगतलं होतं का मले? फोनवर?"

मी होय म्हणून मान हलवली.

"मंग मी काय म्हनलो?"

"बरं झालं म्हणालात!"

बाबांनी फाडकन कपाळावर हात मारून घेतला. "अरे बापा! पोरीचं घर मोडलं अन मी बरं झालं म्हनलो? कशी राह्यली व माय तू?"

"त्याच्यावरच राह्यले, बाबा!" मी ओरडत होते आणि रडत होते आणि सगळी गल्ली ऐकत होती. "तेवढ्यावरच राह्यले!"

ते ऐकू गेलं की चेहऱ्यावरून कळलं, माहीत नाही. आईकडं यासाठी खूण नव्हती, ती नुसती रडत होती. बाबांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं, तबकडीकडे पाहिलं. ती अजून फिरतच होती. मग माझा हात हातात घेऊन म्हणाले, "आता आयकलं म्या. आता आयकून सांगतो. बरं झालं."

कोलोनला परत येऊन महिना झाला. बाबांना कानाचं मशीन घेऊन दिलंय, ते त्यांना टोचतं म्हणून खिशात असतं. आई अजून शेजारणींना तोंड देतेय आणि मला सांगते, तू तुह्यं पाह्य. निघताना तिनं मला आणखी एक गोष्ट सांगितली, ती डोक्यातून जात नाही. ती खुणा करून करून दमायची आणि म्हणायची, आता ठेवा फोन. बाबा ठेवायचे नाहीत.

तुम्ही गेलेले आणि राहिलेले सगळेच कधी ना कधी विचारता, तुझं घर आता कुठलं. माझं घर म्हणजे तो माणूस, ज्याला एक अक्षर ऐकू येत नव्हतं, आणि जो तीन वर्षं दर रविवारी, मी बोलत होते तितका वेळ, फोन कानाला लावून बसला होता.