गूळ न खाणारा सुकलाल

आमच्या शेजारचा सुकलाल गूळ खात नसे. संक्रांतीचा तिळगूळसुद्धा हातात घ्यायचा आणि दारातल्या गाईला घालायचा. "नको वहिनी, मनी नोकरी त्यानी खाई टाकी," म्हणायचा. लोक हसायचे. मला कधी हसू आलं नाही, कारण त्या गुळाच्या आधी माझा हात होता. सांगते.

पारोळ्याजवळच्या या गावात मी लग्न होऊन आले तेव्हा मला अक्षर येत नव्हतं. सुकलाल धुळ्याला राहून वायरमनचा कोर्स करत होता. सुट्टीत आला की ओट्यावर राख पसरून मला एकेक अक्षर गिरवायला लावायचा. "वहिनी, हाऊ 'म' शे का म्हैस?" असं चिडवायचा. वर्षभरात मी पेपर वाचायला लागले. माझ्या सासऱ्यांना, आबांना, त्याचा कोण अभिमान!

मग तो पोळा आला. वेशीतून पहिली बैलजोडी कोणाची जाणार, यावरून आमच्या आणि सुकलालच्या घरात काठ्या चालल्या. आबांचा हात मोडला. आमच्याकडे फिर्याद द्यायची रीत अशी, की समोरच्या घरातला एकूण एक पुरुष तिच्यात घालायचा, म्हणजे जामिनासाठी धावायला कोणी उरत नाही. घरात लिहिता येणारी मी एकटी. आबा नावं सांगत गेले. शेवटी म्हणाले, "सुकलाल."

"आबा, तो तर धुळ्याले शे."

"बठ्ठास्ना नावं पाहिजेत. लिख!"

मी लिहिलं.

पुढच्या वर्षी पंचांनी दोन्ही घरांना मारुतीसमोर बसवून एकमेकांच्या हातचा गूळ खायला लावला. कोर्टातही तडजोड झाली, सगळे सुटले. आमच्या गावात गूळ खाल्ला की भांडण मेलं. पुन्हा त्याचं नाव काढायचं नाही.

त्यानंतर सुकलालला सरकारी कारखान्यात नोकरी लागली. रुजू होतानाच्या फॉर्मात एक रकाना होता : तुमच्यावर कधी फौजदारी खटला झाला आहे काय? हा भला माणूस विचारायला गेला कोणाकडे, तर आबांकडे. म्हणजे खुद्द फिर्यादीकडे!

"गूळ खादा ना आपन? मंग कसाना खटला! 'नही' लिखी दे," आबा म्हणाले. आपण खोटं लिहितोय, असं दोघांच्याही मनात आलं नाही.

आठ महिन्यांनी पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा कागद कारखान्यात पोचला आणि सुकलाल घरी आला. "खटल्यासाठी नाही हो काढलं," कारकुनाने त्याला समजावलं, "त्यातून सुटलात तुम्ही. लपवलात म्हणून काढलं." आता गूळ त्यांच्या कुठल्या रकान्यात बसणार?

तो आबांकडे आला. "आबा, मी त्या दिन गावमा नव्हतू, इतलं लिखी द्या."

"मंग मनी फिर्याद खोटी ठरी. मी जेलमा जाऊ का?"

मी दाराआड उभी होते. एक शब्द बोलले नाही. त्या काळी सुना सासऱ्यापुढे बोलत नसत, असं मी स्वतःला कितीदा सांगितलं. पण खरं म्हणजे मी घाबरले. त्या कागदावर अक्षर माझं होतं ना. जाताना त्याने दाराकडे बघून म्हटलं, "वहिनी, फिर्यादनी नक्कल देखी मी. अक्षर बाकी चांगलं काढेल शे."

पुढे पारोळा-धुळे काळीपिवळी जीप चालवायची म्हणाला, तर चालकाच्या बॅजलाही पोलिसांचा दाखला लागायचा. या वेळी त्याने रकान्यात खरं ते लिहिलं, 'होय'. दाखला आलाच नाही. मग तो विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करत राहिला आणि गावाचे फॉर्म फुकटात भरून देऊ लागला. त्या रकान्यापाशी आला की पेन कागदावरून उचलायचा. "तुनं नाव कोनी कोठे टाकेल शे का? आठवी पाय. तुले माहीत नही, पन कागदले माहीत राहस."

एका उन्हाळ्यात विहिरीवर मोटार जोडताना विजेचा धक्का बसून तो गेला. मदतीचा अर्ज लिहून घ्यायला त्याची बायको माझ्याकडे आली. "अक्का, तुमनं अक्षर चांगलं शे," म्हणाली. तिला हे कोणी सांगितलं, ते मी विचारलं नाही.

कोण, कुठे, कोणत्या दिवशी, सगळं लिहिलं. शेवटी 'वरील मजकूर खरा आहे' असं लिहावं लागतं, तेही लिहिलं. सुकलालचं नाव माझ्या हातून दुसऱ्यांदा सरकारी कागदावर गेलं. या वेळी मात्र तो त्या जागी खरोखर हजर होता.