चाचांची ढोलकी मागं पडते

मी जन्माचा आंधळा. 'दृष्टिबाधित' हा शब्द सर्टिफिकेटवर ठीक आहे, आमच्याकडं मला कुणी तसं म्हणत नाही आणि आंधळा म्हटल्याचा मला रागही येत नाही. राग येतो तो दुसऱ्याच एका वाक्याचा. "देवानं डोळे न्हाई दिले, पण कान लई तेज दिले हायेत बघा!" हे मी लहानपणापासून ऐकत आलो आणि खरं मानत आलो. त्याच घमेंडीत मी एका माणसाचं वाजवणं बंद पाडलं.

तो माणूस म्हणजे आमचे शेजारी, चाचा. ढोलक्या मढवून देणं हा त्यांचा धंदा. पार चकलांब्याहून माणसं ढोलकी घेऊन यायची. आणि वाजवायला बसले तर विचारूच नका. मला ताल त्यांनीच शिकवला. मी सहा-सात वर्षांचा असेन. मला पुढ्यात बसवून ते माझ्या पाठीवर बोटांनी ठेका धरायचे आणि सम आली की पाठीत एक धपाटा. त्यामुळं सम मला कानाच्या आधी पाठीत कळते. पुढं मी पेटी शिकलो, शिकवण्या घ्यायला लागलो, त्याच्या मुळाशी ते धपाटे होते.

काही वर्षांपूर्वी घरीच रेकॉर्डिंग करायचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं. लॅपटॉपवर स्क्रीन रीडर होता, म्हणजे पडद्यावरचं सगळं वाचून दाखवणारी बाई. माइक एकच. म्हणून आधी मी पेटीवर गाऊन घ्यायचं, मग तेच गाणं चाचांनी हेडफोनमधून ऐकत त्यावर ढोलकी वाजवायची. लॅपटॉप दोन्ही आवाज एकावर एक बसवतो. चार गाणी करायची ठरली. चाचा लई खूश. म्हणाले, "बेटा, मी गेल्यावर माझा हात तर ऱ्हाईल."

हेडफोन दोन होते. एक वायरचा आणि एक बहिणीनं पुण्याहून आणलेला, ब्लूटूथचा. तो दुसरा मला नकोसा झाला होता, कारण त्यातून बाई उशिरा बोलायची. मी कळ दाबून पुढं गेलेलो, हिचं मागचंच चाललेलं. वैतागून मी तो ठेवून दिला होता. पण चाचांच्या हाताखाली वायर यायला लागली, तेव्हा तोच शोधून काढला आणि त्यांच्या कानांना लावला.

त्यांचं वाजवून झालं की मी माझ्या वायरच्या हेडफोनवर ऐकायचो. ढोलकी गाण्याच्या मागं. परत घेतलं, परत मागं.

"कावून पडायलंय मागं? मला तर बरोबर वाटायलंय," चाचा म्हणाले.

पाच-सहा वेळा तेच झालं. शेवटी ते हळूच म्हणाले, "बेटा, ह्या यंत्राचंच कायतरी हाय का बघ की."

आणि मी, त्यांच्या पुढ्यात बसून शिकलेला मी, हसून म्हणालो, "नाचता येईना अंगण वाकडं! चाचा, वय झालं आता. हात मागं पडायलाय तुमचा."

त्यांनी हेडफोन काढून माझ्या हातात दिला. मग ढोलकीच्या कड्या सरकवल्याचा आवाज आला. दुसऱ्या दिवशी वाजवायची असली तर चाचा कड्या तशाच घट्ट ठेवायचे. बरेच दिवस हात लावायचा नसला तरच सैल करायचे. मला हे ठाऊक होतं. तरी मी लॅपटॉप मिटून ठेवला.

त्यानंतर त्यांनी लोकांच्या ढोलक्या मढवल्या, पण वाजवायला कुठं गेले नाहीत. लग्नाची बोलावणी आली की सांगायचे, "आता हात चालत न्हाई." गेल्या थंडीत छातीत दुखायला लागलं आणि दोन दिवसांत गेले.

पुढं काही महिन्यांनी माझा वायरचा हेडफोन तुटला. तो ब्लूटूथवाला लावून मी एका गाण्यावर पेटी वाजवली. नंतर ऐकतो तर पेटी मागं. मी! पाठीत सम घेऊन फिरणारा मी! मग हेडफोन माइकला टेकवला, त्यातून टिकटिक सोडली आणि तीच परत रेकॉर्ड केली. ऐकलं तर प्रत्येक टिकेमागून दुसरी टिक. नवा वायरचा हेडफोन आणून तेच केलं, तेव्हा दोन्ही एकावर एक बसल्या.

चाचांना गाणंच उशिरा ऐकू जात होतं. ते जे ऐकत होते, त्यावर बरोबर वाजवत होते. डोळस माणसाला म्हणे पडद्यावरच्या रेघांवरून असली चूक लगेच दिसते. पण त्या आडोशाला मी लपणार नाही. म्हातारा हात चुकला तर कधी कमी चुकेल, कधी जास्त. चाचांची ढोलकी दर वेळी तेवढीच मागं होती. असं यंत्रच चुकतं. माझ्या तेज कानांना एवढं कळलं नाही.

त्यांचं वाजवलेलं मी पुसलं नव्हतं. ढोलकी तेवढी निवडली आणि कळ दाबत एकेक पाऊल अलीकडं ओढत गेलो. बाई दर वेळी आकडा सांगत होती. थोडं अजून, थोडं अजून. आणि एका जागी ढोलकी गाण्यात बसली. माझ्या पाठीत सम लागली. मी मोठ्यानं रडलो. बायको हातातलं पीठ तसंच घेऊन धावत आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉप घेऊन चाचीकडं गेलो. सगळं सांगितलं, नाचता येईना हेसुद्धा सांगितलं, आणि गाणं लावलं. चाचीनं शेवटपर्यंत ऐकलं.

"तुला म्हाईत न्हाई," ती म्हणाली. "रोज दुपारी ते ह्या घड्याळाखाली बसायचे. पत्र्याच्या डब्यावर बोटं मारून काट्याबरोबर ठेका मिळतोय का बघायचे. मला विचारायचे, बरोबर पडायलंय का? मी म्हणायचे, बरोबर पडायलंय की. तर माझ्यावरच चिडायचे. म्हणायचे, तुला काय कळतंय? मी शिकवलेला कान हाय त्याचा. तो खोटं सांगणार न्हाई."