महानंदाबाईंचं नाक

"थकली ही," एवढंच म्हणून महानंदाबाई वाटी खाली ठेवायच्या. आठवड्याभरात यंत्रही तेच सांगायचं: शेंगाचटणीतलं तेल खवट व्हायला लागलंय. चटणी किती दिवस टिकते, यावर आमच्या विद्यापीठाच्या अन्नशास्त्र विभागात बारा वर्षं राबले मी, आणि सोलापूरभर नाव झालं ते बाईंच्या नाकाचं. मी जळायचे. अगदी तळतळून जळायचे, उगाच कशाला लपवू?

बाई अक्कलकोटकडच्या. विद्यार्थ्यांना रागवायच्या मराठीत, लाड करायच्या कन्नडमध्ये. वर्गात पुस्तक उघडायच्या नाहीत, कडक भाकरी कानाशी धरून मोडायच्या आणि म्हणायच्या, "आवाज ऐका की. पाणी किती उरलंय ते भाकरीच सांगती." पोरं खूश. तीच पोरं माझ्या तासाला जांभया द्यायची. बचत गटाच्या बायका चटणीचे नमुने घेऊन आल्या, की माझ्या टेबलावरून पुढं जाऊन बाईंनाच शोधायच्या.

नमुन्यांच्या वाट्या मी भरायचे, त्यांवर नुसते आकडे टाकायचे. खरं तर वाट्या भरणाऱ्यानं चाखणाऱ्यासमोर बसू नये. पण माणसं कमी, म्हणून शेरे लिहून घ्यायलाही मीच समोर.

गेल्या वर्षी एकदा दाढ काढल्यानं गाल सुजला, म्हणून मी मास्क लावून बसले. तिसरी वाटी भरतानाच मला खवट वास आला होता; पण असे वास मला नेहमीच यायचे आणि बाई बोलल्याशिवाय मी ते खरे धरत नसे. बाईंनी वाटी हुंगली, चाखली, बराच वेळ माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "चांगली हाय."

यंत्रानं चटणी खवट ठरवली. मला मनातून उकळ्या फुटत होत्या. यंत्राच्या निकालाचा कागद विभागप्रमुखांच्या टेबलावर ठेवायचाच, पण आधी बाईंचं पडलेलं तोंड बघायचं, म्हणून त्यांच्या खोलीत गेले.

त्यांनी कागद वाचून घडी घातली. "करोना झाल्यापासनं मला वासच येत न्हाय, सुजाताबाई. चवबी न्हाय."

मग इतकी वर्षं सगळं बरोबर कसं आलं, असं मी जरा खेकसूनच विचारलं.

"तुमच्या तोंडाकडं बघून की. खवट वाटी पुढं करताना तुमचा वरचा ओठ मुडपतो. तुमचं नाक कदी चुकलं न्हाय."

मी कागद दिलाच नाही. दुसऱ्या दिवशी बाईंनी स्वतःच अर्ज दिला: मला वास येत नाही, हे काम सुजाताबाईंकडे द्यावं. यंदा त्या निवृत्त झाल्या.

आता वाट्या मी हुंगते, नावही माझंच होतंय. तरी त्यांचा हेवा काही जात नाही. माझं नाक बारा वर्षं माझ्याच तोंडावर होतं आणि मला ते ओळखता आलं नाही. बाईंनी मात्र ओळखलं.