तेलाच्या डब्याची घंटा

अगोतचं लग्न मेलेल्या माणसाशी लागलं होतं. नाईलकाठच्या दिंका लोकांत यात नवल काही नाही. थोरला बिनलग्नाचा गेला, तर धाकट्यानं त्याच्या नावानं बायको आणायची, मुलांनाही त्याचंच नाव लावायचं; नाहीतर गेलेल्याचा वंश बुडतो. कुइर लढाईला गेला आणि चार वर्षं निरोप नाही, तेव्हा तो मेलाच असं धरून त्याच्या आईनं, अजाकनं, तीस गायी देऊन अगोतला घरात आणलं. झोपडीत राहायला आला तो धाकटा मायोम; मुलं झाली, ती कुइरच्या नावानं.

मायोम कामाचा गडी, पण जिभेला हाड नाही. "वहिनी, भावाच्या वाटणीचंही मलाच वाढा!" म्हणून हसत सुटायचा. दुष्काळात अमेरिकेच्या धान्याबरोबर तेलाचे डबे आले, वर हातात हात घातलेल्या दोन पंजांचं चित्र. मायोमनं एक डबा ठोकून बैलासाठी घंटा केली. ती वाजते कसली, नुसती खडखडते.

"घंटा म्हणे! फुटकं मडकं बरं," अगोत म्हणायची.

तिचं मन कुइरपाशी होतं. तो आपल्या पांढऱ्या डोक्याच्या बैलासाठी गाणं म्हणायचा तेव्हा पैलतीरावरच्या पोरी पाणी भरायच्या थांबत, असं सासू सांगायची. न पाहिलेल्या त्या माणसासाठी अगोत बारा वर्षं झुरली. मायोम शेजारी बसलेला असतानाही झुरली, आणि या झुरण्याची तिची तिलाच लाज वाटे.

मग एक दिवस रेडिओ बोलला. अमेरिकेच्या अध्यक्षानं देशात लढणाऱ्या उत्तर-दक्षिणेच्या पुढाऱ्यांमागे लकडा लावला होता, आणि अखेर तहावर सह्या झाल्या होत्या. गावात ढोल घुमले.

"आपल्यात समेट घडवणाऱ्याला बैल देतात," अजाक म्हणाली. "त्या अध्यक्षाला कुणी दिला की नाही?"

"माझा ने म्हणावं, घंटेसकट. डबा त्याचाच आहे," मायोम म्हणाला.

नदीतून पडाव भरभरून माणसं परतू लागली. तिसऱ्या पडावातून कुइर उतरला. केस पिकलेले, एक पाय ओढत चालणारा. इतकी वर्षं तो सरहद्दीपलीकडच्या निर्वासितांच्या छावणीत होता.

"अगं, बघत काय राहिलीस? नवरा आलाय तुझा, पाणी आण!" अजाक रडता रडता ओरडली.

थोरली मुलगी पुढे झाली. "बाबा, तुमच्या बैलाचं गाणं म्हणा ना."

कुइरनं तोंड उघडलं, मिटलं. "विसरलो गं पोरी. छावणीत बैल कुठला?" त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. माणूस भला होता, त्यात शंका नाही.

रीतीप्रमाणे बायको त्याची, मुलं त्याची, झोपडीही त्याचीच. मायोमनं कुणी सांगायची वाट पाहिली नाही. चटई गुंडाळली, भाला घेतला, बैल सोडला. दूरच्या गुरांच्या तळावरच आता राहायचं, असं त्यानं आईला सांगितलं. दारात तो थांबला. आता काहीतरी टोमणा मारेल म्हणून अगोत थांबून राहिली.

"येतो, वहिनी," तो म्हणाला. हसला नाही.

आत कुइर जेवायला बसला. अगोतनं वाढायला घेतलं आणि हात तसाच राहिला. खडखड गवतातून लांब लांब चालली होती.

"काय ऐकतेस?" कुइरनं विचारलं.

"आमची घंटा," ती म्हणाली, आणि तिला रडू आवरेना.