जैबूखालाची खुर्ची

जैबूखाला मला पहिल्यांदा दिसली ती मुरबाडच्या एसटी स्टँडवर. डोक्यावर लाल प्लास्टिकची खुर्ची उलटी, तिचे चारी पाय आभाळाकडे, एक हात तुटलेला. खाली हिरवी साडी आणि तोंडात पान. गाडीत चढताना कंडक्टरनं अडवलं.

"मावशी, खुर्चीचं तिकीट लागंल."

"देते की. मंग तिला सीट दे."

सीट मलाही नव्हती. खालानं खुर्ची मधल्या वाटेत मांडली आणि मला म्हणाली, "बस गो. साहेबाची खुर्ची हाय, पण साहेब आज सुट्टीवर हाय." किन्हवलीपर्यंत मी ऐटीत बसून आले. उतरताना खुर्ची माझ्या डोक्यावर होती आणि मी तिच्या संस्थेत कामाला लागले होते. तिनं कधी विचारलं, मी कधी हो म्हटलं, आजही आठवत नाही.

शहापूर-मुरबाडकडच्या गावांत आमचं काम. गावाच्या एका टोकाला मुसलमानांचा मोहल्ला, दुसऱ्या टोकाला आमच्यासारख्यांचा बुद्धवाडा, आणि दोन्हीकडच्या बायका सरकारी कचेरीच्या पायरीपर्यंत जाऊन परत येणाऱ्या. खाला त्या सगळ्यांना एका ओसरीवर बसवायची आणि मधोमध खुर्ची ठेवायची. माझा चष्मा नाकाच्या टोकाला लावून ती खुर्चीत बसली की ती साहेब. मग तालीम सुरू.

"काय काम हाय? दुपारनंतर या. साहेब मीटिंगला गेलेत."

"पण तुमीच साहेब ना?"

"तरी गेलेत."

ती खेकसायची, फाइल शोधता शोधता घोरायची, अर्ज उलटा धरून वाचायची. बायका आधी पदरात तोंड घालून हसायच्या, मग चिडायच्या, मग नीट उलट बोलायला लागायच्या. "आरडाओरड करणाऱ्याला भ्यायचं नाय," खाला सांगायची. "त्याच्या घशाला कोरड पडंपर्यंत उभं ऱ्हायचं."

किन्हवलीपुढच्या एका गावात शकिला होती. नवरा वारलेला, दोन लहान मुली. घर अजून मेलेल्या सासऱ्याच्याच नावावर. भिवंडीला राहणाऱ्या दिरानं ते एकट्याच्या नावावर करून घ्यायला ग्रामपंचायतीत अर्ज टाकला. शुक्रवारच्या मासिक सभेत तो मंजूर झाला, की शकिला मुलींसकट रस्त्यावर. तिचाही अर्ज लिहून तयार होता. त्यावर शिक्का मारून पोच मिळाली, की तोही सभेपुढे ठेवावा लागणार होता. सोमवारी शकिला, बुद्धवाड्यातली कमल आणि आणखी चौघी कचेरीत ग्रामसेवकाकडे गेल्या. आम्ही दोघी बाहेर. खालाचा नियमच होता, "आपण आत गेलो तर साहेब आपल्याशीच बोलंल."

तासाभरानं सहाही जणी लग्नाहून आल्यासारख्या बाहेर आल्या.

"खाला, साहेब लय चांगला हाय," शकिला म्हणाली. "चहा पाजला, मला शकिलाताई म्हणला. सासरी मला कोण नावानं हाक मारत नाय."

"पोच?"

सहाही जणींनी एकमेकींकडे पाहिलं. अर्ज शकिलाच्या पिशवीतच होता.

खालाचा आवाज चढला. "चहावर इकल्या गेल्या बयांनो."

तेव्हा कमल बोलली. एरवी ती बैठकीत फक्त मान हलवायची. "खाला, माझी आई ह्याच हापिसात झाडू मारायची. तिचा कप वेगळा, बाहेर वळचणीला खोचलेला. आज साहेबानं ट्रेमधला कप दिला मला. सरपंच पितो तसला. तो हातातून खाली ठेववंना."

खालानं पान थुंकलं. मग म्हणाली, "चूक माझी. मी तुमाला शिव्या खायला शिकवलं. मान मिळाला तर काय करायचं, ते शिकवलंच नाय."

दुसऱ्याच दिवशी गोड साहेबाची तालीम. आणि इथं आमची नटी पार आपटली. गोड बोलणं तिच्या घशातूनच येईना. "या भगिनींनो" म्हणून तिनं सगळे दात दाखवले, तेव्हा कमल म्हणाली, "खाला, तुमी बकरा बघायला आल्यावानी दिसता. उठा." आणि तीच खुर्चीत बसली. पदर सावरून इतक्या मायेनं म्हणाली, "दमलात ना शकिलाताई? आधी चहा घ्या. तुमचं काम ते माझं काम. कागदाची काय घाई?" नसलेल्या कपासाठी सगळ्यांचे हात पुढे आले. पहिला हात खालाचा.

गुरुवारी त्या पुन्हा गेल्या. कचेरीची खिडकी उंच, म्हणून खालानं खुर्ची भिंतीला लावून मला वर चढवलं आणि स्वतः खुर्चीचे पाय धरून उभी राहिली.

"काय चाललंय?"

"चहा आला."

"कुणी घेतला?"

"सगळ्यांनी."

खालानं डोळे मिटले. "मेलो."

"थांबा. कमलनं बशी उचलली. कपावर उपडी घातली."

"आनि बाकीच्या?"

"बाकीच्यांनीपण."

आत सहा झाकलेले कप रांगेत होते. ग्रामसेवक म्हणाला, "अहो ताई, गार होईल."

"होऊ दे साहेब," कमल म्हणाली. "तुमचा मान ठेवायचाय, म्हणून सोडून जात नाय. पोच मिळाली की पिऊ."

तो हसला, मोबाइल चाळला, पंखा वाढवला. शिक्का सापडत नाही म्हणाला. इतक्यात सरपंच आत आले आणि कपांकडे बघत म्हणाले, "काय गो, उपास हाय का तुमचा?"

"हा," शकिला म्हणाली. "सोडायला साहेबाचा शिक्का सापडाय पायजे."

शिक्का ग्रामसेवकाच्या कोपराशीच होता. पोच मिळाली, शुक्रवारी दोन्ही अर्ज सभेपुढे आले, आणि घराच्या उताऱ्यावर दिराशेजारी शकिलाचं नाव चढलं. तिचं रस्त्यावर येणं टळलं.

त्या गुरुवारी त्यांनी साय धरलेला गार चहा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. आम्हाला विचारलंसुद्धा नाही. खाला हे कधी विसरली नाही. पुढे गुडघे गेले, खुर्ची तिनं शकिलाकडे ठेवली, तरी भेटेल त्याला सांगायची, "शिकवलं मी, भिंतीशी खुर्ची धरून उभी मी, आनि चहा प्याल्या ह्या."

गेल्या वर्षी खाला गेली. शहापूरला तिच्या मयतीला जाऊन परतताना आम्ही सगळ्या शकिलाच्या घरी थांबलो. भिंतीवर उतारा फ्रेम करून लावलेला, खाली ती लाल खुर्ची. कुणी तिच्यात बसेना. शकिलानं चहा केला, एक कप जास्तीचा भरला, खुर्चीवर ठेवला आणि सवयीनं त्यावर बशी उपडी घातली.

कमलनं पुढे होऊन ती काढली.

"झाकतेस कशाला गो," ती म्हणाली. "नाव चढलंय ना. पिऊ दे तिला."